ऑपरेटिंग सिस्टिम पाठ करून येत नाही. जालन्यात बसून ती बनवायला शिकायची असेल तर रस्ता हा आहे

जालन्याचं नाव निघालं की आधी स्टील आठवतं, मग मोसंबी आणि मग बियाणं. इथल्या मोसंबीला जीआय मानांकन आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको कंपनी सुरू केली ती याच शहरात. आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तर सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे.

या यादीत कॉम्प्युटर कुठंच येत नाही.

पण जालन्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात, इंजिनिअरिंगच्या वर्गात, बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटरला दरवर्षी पोरंपोरी एक विषय घेतात, ऑपरेटिंग सिस्टिम. बहुतेक जण तो कसा पास होतात? परीक्षेच्या आदल्या रात्री व्याख्या पाठ करून. ‘ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे युजर आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा.’ झाले दोन मार्क.

मग कधीतरी पुण्यात इंटरव्ह्यू होतो आणि समोरचा विचारतो, “कीबोर्डवर बटण दाबल्यापासून अक्षर स्क्रीनवर उमटेपर्यंत मध्ये काय काय घडतं?”

इथं पाठ केलेली व्याख्या कामाला येत नाही.

हा विषय वाचून थोडा कळतो, बनवून पूर्ण कळतो. आणि बनवायला शिकण्यासाठी आज मोठं शहर, महागडं मशीन किंवा लाखाचा क्लास यातलं काहीच लागत नाही. ते कसं, हेच आज बघू.

आधी एका दिवसाची गोष्ट

१९ जुलै २०२४. जगभरातले विंडोजचे कॉम्प्युटर अचानक निळे पडायला लागले. विमानं रखडली, बँका अडकल्या, दवाखान्यांची कामं थांबली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि त्याचे फोटो सोशल मीडियावर फिरले.

मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं, सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली होती.

हा व्हायरस नव्हता, कोणी हॅकही केलं नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक अपडेट पाठवलं होतं आणि त्यात गडबड होती. आता अशी गडबड तर रोज कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये होते. ॲप बंद पडतं, आपण परत उघडतो. मग या वेळी अख्खं मशीनच का झोपलं?

कारण ते सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतल्या खोलीत, कर्नलमध्ये बसलेलं होतं.

कर्नल म्हणजे तहसीलची रेकॉर्ड रूम

तुम्हाला जमिनीचा जुना कागद पाहिजे असेल तर तुम्ही तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये घुसून गठ्ठे उचकत नाही. खिडकीवर अर्ज देता. आतला माणूस अर्ज तपासतो, तुमचा हक्क आहे का बघतो, कागद शोधतो आणि नक्कल बाहेर देतो.

कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच चालतं. व्हॉट्सॲप, ब्राउझर, गेम हे सगळे बाहेरच्या रांगेतले लोक. याला म्हणतात युजर मोड. फाइल उघडायची, कॅमेरा सुरू करायचा, नेटवर काही पाठवायचं तर त्यांना खिडकीवर अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जाला म्हणतात सिस्टिम कॉल. आणि आत बसलेला, हार्डवेअरला थेट हात लावू शकणारा तो कर्नल.

हा नियम नुसता कागदावरचा नाही. प्रोसेसरच तो पाळायला लावतो. युजर मोडमधल्या प्रोग्रॅमने हद्द ओलांडली तर प्रोसेसर तिथंच थांबवतो आणि कर्नलला कळवतो. कर्नल तो प्रोग्रॅम बंद करतो, बाकीचं काम चालू राहतं.

पण चूक रेकॉर्ड रूमच्या आतल्यानेच केली तर? त्याला अडवणारं वर कोणी नसतं. आतले गठ्ठे आणखी बिघडू नयेत म्हणून सिस्टिम सगळं कामकाजच बंद करते. १९ जुलैला जी निळी स्क्रीन दिसली, ती हीच.

दोन प्रोग्रॅम, एकच पत्ता, तरी भांडण नाही

आता मेमरीकडे येऊ. इथं बरीच पोरं अडकतात.

गट नंबर १२ जालना तालुक्यातल्या एखाद्या गावात असतो, तसाच अंबड तालुक्यातल्या गावातही असतो आणि परतूरमध्येही. नंबर एकच, जमीन वेगळी. नुसता ‘गट नंबर १२’ सांगून कुणी जमीन दाखवू शकत नाही, गावाचं दप्तर उघडावं लागतं.

प्रत्येक प्रोग्रॅम हे असंच एक गाव असतं. ब्राउझरचा पत्ता क्रमांक १००० आणि गेमचा पत्ता क्रमांक १००० हे रॅममध्ये दोन वेगळ्या ठिकाणी असतात. कुठल्या प्रोग्रॅमचा कुठला पत्ता खरा कुठं आहे, याचं दप्तर म्हणजे पेज टेबल. दप्तर लिहितो कर्नल, आणि प्रत्येक वेळी ते बघून पत्ता बदलून देतं प्रोसेसरमधलं हार्डवेअर. मेमरीचे तुकडे साधारण ४ किलोबाइटचे असतात, त्या तुकड्याला पेज म्हणतात.

यातून फायदा काय? एका गावच्या दप्तरात दुसऱ्या गावाची जमीन नसतेच. त्यामुळे गेमला तुमच्या बँकेच्या ॲपची मेमरी वाचायची म्हटलं तरी तिचा पत्ताच सापडत नाही.

‘व्हर्च्युअल मेमरी’ या शब्दाला घाबरायचं कारण एवढंच असतं, की तो सांगताना दप्तर कुणी दाखवत नाही.

एकेरी रेल्वेलाइन आणि सेमाफोर

कॉम्प्युटर एका वेळी शंभर कामं करतोय असं वाटतं. खरं तर प्रोसेसरचा एक कोर एका क्षणी एकच काम करतो. टपरीवर एकाच शेगडीवर चहा, कॉफी आणि दूध आलटून पालटून ठेवावं तसं. फक्त ही अदलाबदल काही मिलिसेकंदांत होते, म्हणून आपल्याला कळत नाही. कुणाची पाळी कधी, हे ठरवणारा कर्नलचा भाग म्हणजे शेड्युलर.

पण आलटून पालटून चालणारी दोन कामं एकाच फाइलवर लिहायला लागली तर?

याचं उत्तर जालनेकरांना रेल्वे स्टेशनवर सापडेल. मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी हा मार्ग वर्षानुवर्षं एकेरी राहिला. दुहेरीकरणाची मागणी किती जुनी आहे ते प्रवाशांना विचारा. क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या छोट्या स्टेशनवर थांबते, समोरची निघून जाते आणि मगच आपली सुटते. नियम साधा आहे: दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. पूर्वी तर ड्रायव्हरच्या हातात त्या पट्ट्याचा टोकन दिला जायचा. टोकन नाही तर पुढं जायचं नाही.

नेदरलँड्सचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटरसाठी हीच युक्ती मांडली. नावही रेल्वेच्या सिग्नलवरूनच घेतलं, सेमाफोर. ज्याच्याकडे टोकन तो फाइलवर लिहिणार, बाकीचे थांबणार.

आणि डेडलॉक? एका पट्ट्यात एक गाडी उभी आहे, तिला पुढचा पट्टा पाहिजे. पुढच्या पट्ट्यात समोरून आलेली गाडी उभी आहे, तिला हा पट्टा पाहिजे. मागं कुणीच घेत नाही. परीक्षेत डेडलॉकच्या चार अटी लिहायला येतात, त्या चारही या एका चित्रात आहेत. एका पट्ट्यावर एकच गाडी मावते, हातातला पट्टा न सोडता दुसरा मागितला जातो, जबरदस्तीने पट्टा काढून घेता येत नाही आणि वाट बघण्याचं वर्तुळ पूर्ण होतं. चारपैकी एक जरी अट मोडली तरी गाड्या सुटतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर मंगळावर चला. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. झालं असं होतं, की कमी महत्त्वाच्या एका कामाच्या हातात टोकन होता. त्याला मध्यम महत्त्वाची कामं पाळीच मिळू देत नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम टोकनची वाट बघत ताटकळत होतं. इंजिनिअरांनी तोच घोळ पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर घडवून बघितला आणि इथूनच सेटिंग बदलून दुरुस्ती पाठवली. टोकन ज्याच्या हातात आहे त्याला तेवढ्यापुरतं मोठं महत्त्व द्यायचं, एवढाच तो बदल.

कोट्यवधी किलोमीटरवरचं यान वाचलं, कारण आतलं गणित समजणारी माणसं होती.

झेरॉक्सवर शिकलेली पिढी

आता मुद्द्याचा प्रश्न. हे बनवायला शिकायचं कसं?

विंडोज उघडून आत बघता येत नाही. लिनक्स उघडता येतं, पण त्याचा कोड आज तीन कोटी ओळींच्या पुढं गेला आहे. तो वाचून शिकायचं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी थेट जायकवाडीत उडी मारण्यासारखं आहे.

हाच प्रश्न जगाला आधीही पडला होता.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स सुरू केलं. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा पूर्ण कोड छापला आणि त्यावर ओळीओळीने टिपणं लिहिली. पोरांनी खरी सिस्टिम वाचूनच शिकावं, हा हेतू. पुढं मालक कंपनीने वर्गात तो कोड शिकवायला बंदी घातली. मग काय झालं? जगभरातल्या विद्यार्थ्यांनी त्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या आणि त्यावर एक पिढी शिकली. ते पुस्तक अधिकृतपणे छापलं गेलं थेट १९९६ साली.

परीक्षेच्या मोसमात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

वर्गात युनिक्स शिकवता येईना म्हणून ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स नावाची छोटी सिस्टिम खास शिकवण्यासाठी लिहिली. त्यांचं पुस्तक फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या कॉलेजच्या पोराने वाचलं. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केलं की आपण छंद म्हणून एक सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. तेच पुढं लिनक्स झालं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी आज तेच आहे. त्याची पहिली आवृत्ती होती जेमतेम दहा हजार ओळींची.

ही साखळी नीट बघा. प्रत्येक वेळी शिकणं सुरू झालं ते एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढ्या छोट्या सिस्टिमवरून.

आज ती छोटी सिस्टिम कुठं मिळते?

अमेरिकेतल्या एमआयटीने २००६ साली लायन्स यांच्याच वाटेने एक सिस्टिम लिहिली, एक्सव्ही-६. जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा हा नवा अवतार. कोड दहा हजार ओळींच्या आत, सोबतचं पुस्तक मोफत. आणि गंमत म्हणजे ती चालवायला वेगळं मशीन लागत नाही. क्यू-ई-एम-यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपमध्येच एक खोटा कॉम्प्युटर उभा करतं. त्यात एक्सव्ही-६ ला १२८ मेगाबाइट रॅम पुरते. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालेल. सिस्टिम शंभर वेळा बिघडवा, लॅपटॉपला काही होत नाही.

शिकवणारेही घरी येतात. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टिमची लेक्चर्स आणि टिपणं इंटरनेटवर मोफत आहेत, त्यात एक्सव्ही-६ चा कोड उलगडून सांगितला आहे. आयआयटी मद्रासचे चेस्टर रेबेरो यांचा कोर्स एनपीटीईएलवर आहे, तोही एक्सव्ही-६ वरच. पुस्तक पाहिजे तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स: थ्री ईझी पीसेस’ची प्रकरणं लेखकांनी स्वतःच मोफत ठेवली आहेत.

“पण आमचं इंग्रजी कच्चं आहे”

ही अडचण खरी आहे. लेक्चर इंग्रजीत, कोडमधल्या सूचना इंग्रजीत, चुकांचे मेसेज इंग्रजीत.

पण एक नाव ऐकून ठेवा. अच्युत गोडबोले. मराठी वाचकांना ते ‘किमयागार’मुळे माहीत आहेत. सोलापूरचा, मराठी माध्यमात शिकलेला हा मुलगा आयआयटी मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगला गेला. तिथं इंग्रजीशी झालेली झटापट त्यांनी ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. याच गोडबोलेंनी पुढं ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ नावाचं इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिलं.

दुसरं नाव, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे. त्यांचं ‘सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी वापरलं.

आणि मोठी कामंही इथं झाली आहेत. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथं ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. अनेक प्रोसेसर एकत्र जोडून भागत नाही, त्यांच्यात काम वाटणारं सॉफ्टवेअरही लागतं. ते ‘पारस’ही सी-डॅकनंच घडवलं.

म्हणजे सवय मराठीत विचार करायची ठेवा. गट नंबर, टोकन, खिडकी हे डोक्यात पक्कं बसलं की इंग्रजी शब्द नुसते त्याला चिकटवायचे असतात.

मग करायचं काय, क्रमाने

पहिली पायरी, सी भाषा. त्यातले पॉइंटर नीट यायला हवेत. पॉइंटर म्हणजे मेमरीचा पत्ता, आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सगळा खेळ पत्त्यांचाच आहे. इथं घाई केली तर पुढं रोज अडाल.

दुसरी, लॅपटॉपवर लिनक्स टाका. विंडोज काढायचं नसेल तर विंडोजच्या आतही लिनक्स चालवायची सोय आहे. मग एक्सव्ही-६ उतरवून सुरू करा. काळ्या स्क्रीनवर डॉलरचं चिन्ह आलं की समजा, एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम तुमच्यासमोर उभी आहे आणि तिचा प्रत्येक शब्द तुम्ही वाचू शकता.

तिसरी, स्वतःचा सिस्टिम कॉल जोडा. ‘आत्ता किती प्रोग्रॅम चालू आहेत?’ एवढंच उत्तर देणारा. पाच-सहा फाइलींत हात घालावा लागेल. पण तेवढ्यात खिडकीवरचा अर्ज आत कसा जातो आणि उत्तर बाहेर कसं येतं, हे कायमचं कळेल.

चौथी, शेड्युलर बदला. एक्सव्ही-६ सगळ्यांना सारखी पाळी देतं. तुम्ही एखाद्याला जास्त द्या आणि बाकीच्यांचं काय होतं ते बघा. रांगेत घुसणाऱ्यामुळे मागच्याची पाळीच येत नाही, याला पुस्तकात स्टार्व्हेशन म्हणतात.

पाचवी, मुद्दाम बिघडवा. एका साध्या प्रोग्रॅमला त्याच्या हद्दीबाहेरचा पत्ता वाचायला लावा. कर्नल तो प्रोग्रॅम बंद करेल आणि डॉलरचं चिन्ह परत येईल. आता तीच चूक कर्नलच्या कोडमध्ये करा. ‘पॅनिक’ असा मेसेज येईल आणि अख्खी सिस्टिम गोठेल.

हा प्रयोग म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरचा छोटा १९ जुलै.

एक सूचना. हे एकट्याने करू नका. दोघं-तिघं मिळून करा. रात्री अकरा वाजता सिस्टिम का अडकली हे विचारायला कुणीतरी लागतं. आणि दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

याचा उपयोग काय?

आपल्याकडे ‘भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम’ची बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते. सी-डॅकची बॉस, २०२३ साली गाजलेली भारओएस, संरक्षण मंत्रालयाची माया, मुंबईतली इंडस ओएस. यातली कुठलीच शून्यातून लिहिलेली नाही. बॉस आणि माया लिनक्सवर उभ्या आहेत, भारओएस आणि इंडस अँड्रॉइडवर. यात कमीपणा नाही, सगळं जग असंच काम करतं. पण दुसऱ्याच्या पायावर आपलं घर बांधायचं तर तो पाया वाचता येणारी माणसं लागतात. नुसता रंग बदलून सिस्टिम सुरक्षित होत नाही.

आणि सगळ्यांनी नवी सिस्टिम लिहायची नाहीच आहे. आजच्या गाड्यांत, मीटरमध्ये, दवाखान्यातल्या मशीनमध्ये, कारखान्यातल्या कंट्रोलरमध्ये छोटे कॉम्प्युटर बसलेले असतात. सर्व्हर मंद का झाला, बॅटरी का उतरते, मशीन मध्येच का अडकतं, ही उत्तरं शोधणाऱ्याला आतलं माहीत असावं लागतं. ॲप बनवणारे पुष्कळ मिळतात, आत उतरून बघणारे थोडे.

व्याख्या पाठ असेल तर दोन मार्क मिळतील. पण स्वतः जोडलेला एक सिस्टिम कॉल दाखवता आला, तर इंटरव्ह्यू घेणारा खुर्ची पुढं ओढून विचारेल, “हे कसं केलं?” आणि मग बोलायला तुमच्याकडे खरंच काहीतरी असेल.

तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर परीक्षेच्या नोट्स फिरत असतीलच. त्यासोबत हेही पाठवून द्या. जोडीला बसणारं कुणीतरी सापडेल.